डाव्या बुटाचा कोरा तळ

३ एप्रिल

काका,

फोन तुम्ही उचलत नाही. चुकून उचललात तर "पत्र टाक, पत्र टाक" असं ओरडून ठेवून देता. तेव्हा हे घ्या पत्र. सोबतच्या खोक्यात माझे काळे बूट आहेत, त्यांना नवीन तळ बसवून द्या. पियानोला बसताना मी हेच घालते, दुसरीकडे कुठेही नाही, म्हणून दीड वर्षात फारसे झिजलेले नाहीत, पण तळ कडक झालाय.

आता बातमी. चौदा मेला, बुधवारी, दुपारी एक वाजता टाऊन हॉलमध्ये माझं वादन आहे. एकटीचं! जेवणाच्या सुट्टीतला कार्यक्रम असतो तो. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं डबा घेऊन येतात, खाता खाता ऐकतात आणि पावणेदोन वाजले की उठून कामाला जातात. तिकीट नाही, फुकट ते पौष्टिक. मी पाच नाच निवडलेत: मिन्युएट, वॉल्ट्झ, मझुर्का, टँगो आणि शेवटी टारांटेला. विषारी कोळी चावला की विष उतरवायला म्हणे लोक हा नाच नाचायचे, इतका तो सुसाट आहे.

सगळे नाचच का? तर जिद्दीने. जानेवारीत मी नृत्यशाळेत पियानोवादकाच्या जागेसाठी परीक्षा दिली होती. निकाल मी कोणाला दाखवला नाही, तुम्हाला सांगते. तिथल्या बाईंनी एकच ओळ लिहिली होती: "वादन स्वच्छ आहे, पण नाचत नाही." दोन दिवस जेवले नाही मी. जागा अजून रिकामीच आहे. म्हणून परवा सरळ त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, चौदा तारखेला या आणि पुन्हा ऐका. त्या येते म्हणाल्या.

बाबांचं तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचाच धाकटा भाऊ. मेअखेरपर्यंत मुदत दिली आहे. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर जूनपासून मी विमा कचेरीत काउंटरवर. अर्ज आणून टेबलाच्या खणात ठेवलाय. रोज जेवताना त्या खणाकडे बघतात.

सीडी पाठवतेय. पाचही नाच आहेत त्यात. नीट ऐका आणि काय चुकतंय ते खरं खरं सांगा. आमच्या घरात संगीताचा कान फक्त तुम्हाला आहे.

तुमची,
भिंगरी


९ एप्रिल

भिंगरे,

खोकं पोचलं. बूट बाकावर ठेवलेत, पण थोडा धीर धर. नाटक कंपनीचे बावीस जोड अंगावर आहेत. त्यात एका नटाला राजा दिसायचं आहे म्हणून टाच दोन इंच वाढवून हवी. म्हटलं, अहो, राजा चालण्यात असतो, टाचेत नसतो. पटलं नाही. आता बाईसाहेबांसारखा डुलत जातो आणि मला दोष देतो.

एकटीचं वादन म्हणजे फार मोठी गोष्ट झाली. ऊर भरून आला. सीडी ऐकली. छान आहे. अगदी स्वच्छ वाजवलं आहेस.

जेवत जा. उपाशी राहून कोणी शहाणं झालेलं मी पाहिलं नाही.

काका


१३ एप्रिल

काका,

"स्वच्छ"? बाईंनी लिहिलेला तोच शब्द तुम्ही मला परत पाठवलात? वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तुम्ही ऐकलंच नाही, खरं ना? ऐकलं असतंत तर टँगोमध्ये मी दोनदा अडखळले आहे, त्यावर तुम्ही मला सोडलं नसतं. मी सातवीत असताना सुटलेली एक पट्टी तुम्ही शेजारच्या खोलीतून ओळखली होती. बावीस जोड महत्त्वाचे आहेत, असतील. पण मग तसं सांगायचं. माझ्या तोंडाला पानं कशाला पुसता?

बूट जमतील तेव्हा पाठवा.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

चिडलीस ते बरं झालं. बापावर गेली नाहीस हे तरी कळलं.

सीडीचं राहू दे बाजूला. तिच्याबद्दल मी काही बोललो नसतो तरच बरं होतं. पण तुझे बूट मी ऐकले आहेत. हसू नकोस. चाळीस वर्षं नाचणाऱ्यांचे बूट शिवतोय, माणूस कसा नाचतो ते मला त्याच्या तळाकडे बघून सांगता येतं. काल संध्याकाळी तुझे दोन्ही बूट उलटे करून दिव्याखाली धरले आणि मी चाटच पडलो.

डाव्या बुटाचा तळ कोरा आहे. दीड वर्ष वापरलेला बूट, आणि दुकानातून आणला तेव्हा होता तसा! झिजलाय कुठे? टाचेच्या मागच्या बाजूला, वर. तिथे आडवी खाच पडली आहे, बोट जाईल एवढी. म्हणजे वाजवताना तू डावा पाय स्टुलाच्या पायामागे अडकवून बसतेस. उजव्या चवड्याखाली पेडलचा ठसा आहे, तो असणारच. पण उजवी टाचसुद्धा कोरी. ती तू हवेत धरतेस. घोटा दुखत नाही का गं तुझा?

लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं त्याच्याही पुढचं. तुला अंगणच नाही! तू हवेत लटकून वॉल्ट्झ वाजवतेस. अगं, वॉल्ट्झमधलं ते पहिलं "एक" म्हणजे कोणाचं तरी पाऊल जमिनीवर पडणं. तुझंच पाऊल जमिनीवर नाही, तर ते पडणार कसं? चांगल्या नाचणाऱ्याचा बूट चवड्याखाली झिजतो, कारण नाच उडण्यात नसतो, जमीन ढकलण्यात असतो.

लहानपणी दुकानात यायचीस तेव्हा चामड्याच्या कातऱ्यांत दिवसभर गरगर फिरायचीस, म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागलो. त्या पोरीचे पाय स्टुलाला कोणी बांधले, ते मला आधी सांग.

आणि आता औषध. चार दिवस पियानोला हात लावायचा नाही. पाचही नाच पायांनी चालायचे. तोंडाने गुणगुण, हवं तर मोज, पण चाल. पाचव्या दिवशी दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून बस. हात काय करतील ते करू देत.

काका


२९ एप्रिल

काका,

पत्र वाचलं, स्टुलावर बसले आणि खाली वाकून पाहिलं. डावा पाय स्टुलामागे! मला पत्ताच नव्हता. माझाच पाय आणि तो तिथे राहतो हे मला तुमच्याकडून कळावं?

कोणी बांधले ते सांगते. आमच्या खाली बेकरीवाले राहतात. रात्रभर भट्टीवर असतात आणि सकाळी आठला येऊन झोपतात. आम्ही इथे आलो त्या आठवड्यात मी ताल धरायला पाय आपटला आणि खालून छतावर झाडूचा दांडा, ठक ठक ठक. मी पियानोखाली रजई घातली. पुन्हा दांडा. मग मी पायच उचलले. दीड वर्षात एकदाही दांडा वाजला नाही आणि मला वाटलं, जिंकले.

औषध घेतलं. घरात चालायची सोय नाही, म्हणून गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या चादरींमधून मिन्युएट चालले, तो सोपा आहे, अदबीने चालायचं. वॉल्ट्झला चक्कर आली. मझुर्काला दुसऱ्या ठोक्यावर टाच आपटायची असते, ती मी जीव खाऊन आपटली, आणि चादर बाजूला करून बेकरीवाले पुढे! हातात ओल्या अ‍ॅप्रनचा पिळा. मला वाटलं आता उद्धार होतो. ते म्हणाले, "बरं आहे ना तुम्हाला?"

मग मी सगळं सांगितलं. बूट, खाच, बाई, विमा कचेरी. पाय आपटायची परवानगी मागितली, चौदा तारखेपर्यंत फक्त. त्यांनी अ‍ॅप्रन दोरीवर टाकला. म्हणाले, "चारला उठतो मी. चारनंतर घर पाडलंत तरी चालेल. मला तर वाटलं होतं तुम्ही वाजवणंच सोडलं. हल्ली दमदार असं काही ऐकूच येत नव्हतं."

ऐकलंत काका? दीड वर्ष मी त्यांच्यासाठी पाय उचलून बसले, आणि त्यांना वाटलं मी सोडलं!

पाचव्या दिवशी टाचा टेकवून बसले. पहिल्यांदा सगळं कोसळलं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आई स्वयंपाकघरातून "काय पडलं?" म्हणून धावत आली. तीन दिवस रडकुंडीला आले. काल मात्र वॉल्ट्झमध्ये डाव्या हाताचं "एक" खाली गेलं, अगदी जमिनीत गेलं, आणि "दोन-तीन" आपोआप वर आले. मी ओरडलेच. खालून दांडा वाजला, ठक. एकदाच. ती दाद होती असं मी धरून चालले आहे.

माझी चूक झाली, काका. तुम्हाला नाही नाही ते बोलले. आता एकच मागणं आहे. चौदा तारखेला या. पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवते.

भिंगरी


४ मे

भिंगरे,

बूट पाठवतोय. जाड तळ बसवणार होतो, पण पातळच बसवलाय. जमीन पायाला कळली पाहिजे. टाचेमागची खाच भरून काढली आहे. पुन्हा पाडलीस तर याद राख.

बेकरीवाल्यांना माझा नमस्कार सांग.

येणं मात्र जमायचं नाही. बावीस जोड तसेच आहेत, राजाची टाच तिसऱ्यांदा बदलायची आहे, आणि प्रवासात माझी कंबर धरते. माझी खुर्ची कोणा दर्दी माणसाला दे. जो नीट ऐकेल त्याला.

टाचा खाली.

काका


८ मे

काका,

तुम्हीच तो दर्दी माणूस होतात. पण बरं. खुर्ची रिकामी ठेवते, कोणाला देणार नाही. तुमची कंबर सांभाळा.

बूट पायात घातले. जमीन कळते.

भिंगरी


१४ मे, संध्याकाळ

काका, काका, काका!

मिळाली! जागा मिळाली! आता नीट पहिल्यापासून सांगते, अक्षराला हसू नका.

एकला पाच मिनिटं कमी असताना पडद्याच्या फटीतून पाहिलं. साठ-सत्तर माणसं, सगळ्यांच्या मांडीवर डबे. नृत्यशाळेच्या बाई तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. तुमची खुर्ची रिकामी, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. बसले. डाव्या पायाने सवयीने स्टुलाचा पाय शोधला. मी त्याला म्हटलं, चल खाली. आणि दोन्ही टाचा टेकवल्या.

मिन्युएट होईपर्यंत लोक जेवतच होते. चमच्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. वॉल्ट्झ सुरू झाला, मी "एक" खाली सोडलं, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की चमचे थांबलेत. मला वाटलं, मेले, कंटाळले. मझुर्कात तर कोणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं, नेमकं माझ्या दुसऱ्या ठोक्यावर, ठण्ण! आणि घरंगळत कुठे गेलं देव जाणे. जानेवारीतली मी असते तर तिथेच संपले असते. आज मला हसू फुटलं आणि हसत हसतच पुढचा ठोका त्याहून जोरात मारला. हॉल हसला माझ्याबरोबर!

टँगोत अडखळले नाही. एकदाही नाही.

टारांटेला सुरू केला तेव्हा समोरच्या घड्याळात एक चाळीस झाले होते. पावणेदोनला माणसं उठणार हे मला माहीत होतं, सगळे वादक त्याचीच भीती घालतात. काका, पावणेदोन झाले आणि एकही खुर्ची वाजली नाही! मी नुसती सुटले होते, बोटं माझी नव्हतीच. शेवटचा सूर संपला आणि मग जे काही झालं ते मला सांगता येत नाही. उभी राहिली माणसं. काखेत डबे मारून टाळ्या वाजवत होती. वॉल्ट्झ पुन्हा वाजवायला लावला. दोन वाजता कचेऱ्या उघडल्या असतील तर आत कोणीही नव्हतं.

बाई आत आल्या. म्हणाल्या, "सोमवारी सकाळी नऊला या. पियानो जुना आहे, पण जमीन चांगली आहे." बस, एवढंच. आणि दारातून वळून म्हणाल्या, "जानेवारीत आली होती ती तुमची बहीण का?"

बेकरीवाले आले होते! दुपारी एक म्हणजे त्यांची मध्यरात्र. डोळे तांबडे. म्हणाले, "दोन आठवडे छत हादरतंय ते कशासाठी, ते बघायला झोप मोडून आलो. वसूल झाली."

हॉलच्या व्यवस्थापकबाई एक गंमत सांगत होत्या. शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ चक्क बूट-मोजे काढून अनवाणी बसले होते म्हणे! त्या उठवायला निघाल्या होत्या, पण गृहस्थांचे डोळे मिटलेले बघून राहू दिलं. काय काय माणसं येतात.

बाबाही आले होते. आत नाही बसले, दाराशी उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "ठीक झालं." इतकंच. शब्द पाळतील ते, नोकरीला नाही म्हणणार नाहीत. पण अर्ज अजून खणातच आहे, आणि तोंडावर काही दिसेल तर शपथ. एवढ्या आनंदात तेवढंच टोचतंय.

आणि तुमची खुर्ची.

भिंगरी


१७ मे

भिंगरे,

ते अनवाणी गृहस्थ म्हणजे मी.

आता सगळंच सांगतो. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. डावा कान गेलाय, उजव्याला हातोडीचा घाव तेवढा कळतो. म्हणून फोन नको, पत्र टाक. तुझी सीडी मी लावली. स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून अर्धा तास बसलो, काही हाती लागलं नाही. "स्वच्छ" हा शब्द तुझ्याच पत्रातून उचलून तुला परत दिला. चोर तो चोर, वर तुझ्यावर छान म्हणून उपकार. लिहायला हवं होतं. पण पोर म्हणते, घरात कान फक्त तुम्हाला आहे, आणि तिला उलट टपालाने कसं कळवू की तोही राहिला नाही? हात धजेना.

येणार नव्हतोच. ऐकू न येणाऱ्याने पहिली खुर्ची कशाला अडवायची? पण तू खुर्ची रिकामी ठेवलीस. बुधवारी सकाळी दुकान उघडलं, आरी हातात घेतली आणि ठेवून दिली. राजाला म्हटलं, आज डुलत राहा.

शेवटच्या रांगेत बसलो. जमीन लाकडी, जुन्या सैल फळ्या. म्हटलं, कान नाहीत तर तळपाय आहेत, आणि बूट काढले. पहिल्या नाचात काही कळलं नाही. वॉल्ट्झला कळलं. एक... एक... एक... खालून येत होतं. खोटं कशाला बोलू, ते पियानोचं होतं की माणसांच्या टाचांचं, हे मला सांगता येणार नाही. कारण मी डोळे उघडले आणि खुर्च्यांखालून पुढे पाहिलं. सवयच आहे, मी माणसांकडे वर बघतच नाही. भिंगरे, सगळ्या हॉलचे बूट हलत होते! काळे, तपकिरी, बायकांच्या सपाता, फाटलेला एक, टाच निघालेला एक. चमचे कंटाळून थांबले नव्हते गं. पाय चालू झाले की हात थांबतात. ते झाकण घरंगळत माझ्याच पायाशी आलं, धक्क्याने कळलं. मालकाला परत दिलं.

तुझ्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंची घडी वरच होती. खाली मात्र टँगोपासून त्यांचा चवडा थांबला नाही. तुला जागा मिळाली हे मला तुझ्या आधी वीस मिनिटं माहीत होतं.

आणि आता खरी गोष्ट. दाराशी एक तपकिरी जोड उभा होता. तो मी ओळखणारच, गेल्या वर्षी मीच शिवला. माझा भाऊ. लग्नात हलला नाही, मुलगी झाली तेव्हा हलला नाही, खांबासारखा माणूस. टारांटेलाला त्याचा उजवा बूट सुटला. आधी टाच, मग चवडा, मग पुरा पाय. त्याने खाली पाहिलं, थांबवला, आणि तो पुन्हा सुरू झाला. तीनदा थांबवला बिचाऱ्याने. "ठीक झालं" म्हणाला ना? त्याच्या तोंडाकडे कशाला बघतेस? मी साठ वर्षं बघितलं, तिथे काही लिहिलेलं नसतं.

मी भर हॉलमध्ये रडत होतो. व्यवस्थापकबाईंना वाटलं झोपलाय.

आता कामाचं. नोकरीला लागलीस, नवे बूट माझ्याकडून. मोठा कागद घे, त्यावर उभी राहा, अंगावरचा सगळा भार पायांवर टाक आणि पेन्सिलीने दोन्ही पावलांची रेघ काढून पाठव.

काका


२१ मे

काका,

पत्र आईला वाचून दाखवलं, निम्म्यापासून पुढचं तिनं वाचलं. बाबा पलीकडे पेपर वाचत होते. तपकिरी बुटाची ओळ आली तेव्हा पेपर जरा वर गेला.

तुम्ही एकटे तीन वर्षं हे पोटात ठेवून बसलात, आणि तुम्ही माझ्या तोंडाला पानं पुसता असं मी म्हणाले. माझीच मला लाज वाटली. रविवारी येते. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, कंबर धरते वगैरे नाटकं चालणार नाहीत. मग तुमच्या दुकानाच्या फळ्यांवर तुम्हाला पाचही नाच पायांनी वाजवून दाखवते.

पावलांची रेघ सोबत आहे. पूर्ण भार टाकून काढली आहे. घरात मोठा कागद सापडेना, म्हणून बाबांना विचारलं. ते उठले, टेबलाचा खण उघडला, एक जोडकागद काढून दिला आणि स्वतः गुडघे टेकून खाली बसले. रेघ त्यांनीच काढली आहे.

कागद उलटून बघा. विमा कचेरीचा अर्ज आहे.

भिंगरी